पत्ता चुकलेली गाठ

आसेगाव नावाची गावे आमच्या वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. अमरावती जिल्ह्यात आसेगाव पूर्णा आहे, रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे, आणि वाशीम जिल्ह्याच्याच मंगरूळपीर तालुक्यात आमचे नुसतेच आसेगाव आहे. आडनाव विसरलेल्या माणसासारखी त्याची गत. त्यामुळे पत्रांच्या जमान्यात आमची पत्रे पुष्कळ देशाटन करून येत. एका लग्नाची पत्रिका तर नवरानवरी मांडवपरतणीला आल्यावर हाती पडली होती. पोस्टमन बिचारा म्हणे, "गुरुजी, गावाचं नाव बरोबर हाये; पण गाव दुसरं हाये!" आम्ही हसत असू. रोगांच्या बाबतीतही असेच होते, आणि तिथे मात्र हसून भागत नाही, हे मला पुढे भाचीच्या निमित्ताने कळले.

"गाठ" हा शब्दच घ्या ना. दोन माणसे भेटली की गाठ पडते. लग्नाची गाठ देवाने बांधलेली असते. शहाणा माणूस गाठीला चार पैसे बाळगतो आणि ऐकलेल्या गोष्टीची मनाशी खूणगाठ बांधतो. इतका हा घरगुती शब्द. पण तीच गाठ अंगावर दिसली की घरातल्यांची तोंडे काळवंडतात. आमच्या आजीच्या तोंडी गाठ म्हणजे प्लेगची, गाव ओस पाडणारी. आमच्या पिढीत गाठ म्हणजे कॅन्सर. या दोहोंमध्ये दहापाच प्रकारच्या गाठी असतात, त्यांची चौकशी करायला कोणाला धीर नसतो. आमच्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. वत्स ऋषींच्या तपामुळे देवांचा समुदाय, म्हणजे गुल्म, तिथे उतरला, अशी माहात्म्यातली कथा. पण वैद्यकाच्या भाषेत गुल्म म्हणजे गाठ आणि वत्स म्हणजे लेकरू. मुलांना इतिहास शिकवताना हा दुसरा अर्थ माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. तो शिकवला माझ्या भाचीने.

माझी धाकटी बहीण आम्हा भावंडांतले शेंडेफळ. लग्नानंतर सहा वर्षांनी, २०१४ साली, तिला मुलगी झाली. बाळंतपण आमच्याकडेच झाले. जावळ माझ्याच मांडीवर काढले, तेव्हा पोरीची मान अगदी स्वच्छ होती. पुढच्या वर्षी राखीपौर्णिमेला बहीण माहेरी आली. मुलगी चौदा महिन्यांची. पावसाळी हवा, तिला सर्दी झाली, थोडा ताप आला. तिसऱ्या दिवशी सकाळी डाव्या जबड्याखाली लिंबाएवढा फुगवटा दिसला. दुसऱ्या दिवशी तो मोसंबीएवढा झाला. लाल नाही, फारसा दुखरा नाही. लेकराला न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीने बोटाने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "माय, ही तं पाण्याच्या फुग्यावानी लागते!" आज विचार करतो तेव्हा वाटते, पुढच्या दोन महिन्यांत आम्ही ज्यांना ज्यांना भेटलो, त्यांत त्या म्हातारीचे बोट सर्वांत हुशार होते.

मग गावचे निदान सुरू झाले. कोणी म्हणाले, गंडमाळ आहे. कोणी म्हणाले, हा हत्तीपायाचाच भाऊबंद. विदर्भात डासांमुळे होणारा हत्तीरोग सर्वांच्या परिचयाचा, आणि तोही लसिकावाहिन्यांचाच रोग, तेव्हा हे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. एका जाणत्याने बिब्बा तापवून चटका द्यायची तयारी दाखवली. तेवढ्यात बहिणीच्या सासरहून फोन आला. सासूबाईंनी विचारपूस केली आणि शेवटी एक प्रश्न टाकला: "पोटुशी असताना ग्रहणात विळी हाती धरली होती का?" बहीण काही बोलली नाही. पण त्या रात्रीपासून तिचे जेवण अर्ध्यावर आले. मुलीच्या गळ्यावरची गाठ सर्वांना दिसत होती. आईच्या गळ्याशी आलेली कोणालाच दिसत नव्हती.

डॉक्टरांकडे गेलो नाही असे नाही. एका ठिकाणी सुई घालून पिवळसर पाणी काढले. गाठ बसली. घरात शिरा झाला. आठव्या दिवशी गाठ पुन्हा हजर, आणि या वेळी जास्त टणक, कारण आत थोडे रक्त उतरले होते. दुसऱ्या ठिकाणी क्षयाची औषधे सुरू करण्याचे घाटत होते. तिसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी झाली आणि कागदावर शब्द आला "लिम्फॅन्जिओमा". आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी तो मोबाइलवर शोधला. त्यांच्या बोटाने मधली अक्षरे गाळली आणि पडद्यावर "लिम्फोमा" उमटले. लिम्फोमा म्हणजे कॅन्सर. चार अक्षरांच्या फरकाने आमचे घर स्मशान झाले. भाऊजी शेतातले सोयाबीन मळणीआधीच विकायला निघाले. "कुठेही न्या, पण आजच्या आज कापून टाका," एवढे एकच वाक्य ते बोलत. इकडे मूल रात्री घोरू लागले होते.

तेव्हा आम्ही नागपूर गाठले. आमच्या गावाहून ते दोनशे किलोमीटरांच्या वर. तिथे मुलांच्या शस्त्रक्रिया करणारे एक डॉक्टर भेटले. त्यांनी कागद बाजूला ठेवले, खोलीतला दिवा मालवला आणि एक लहान बॅटरी गाठीला टेकवून लावली. सगळी गाठ आतून उजळली, दिवाळीत अंगणात आकाशकंदील लागावा तशी. भाऊजी दचकले. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भरीव गाठीतून असा उजेड येत नाही. आत पाणी आहे. आता ते किती खोल गेले आहे ते पाहू." सोनोग्राफी पुन्हा झाली. आत पडदे असलेले कप्पे, त्यांत पाणी, आणि कप्प्यांच्या पोटात रक्ताचा प्रवाह नाही. मग मुलीला गुंगी देऊन एमआरआय केले. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आसपास, जबड्याखाली आणि थोडी जिभेच्या बुडाशी, असा तिचा पसारा दिसला. तुकडा काढून तपासण्याची गरजही पडली नाही. निदान झाले: लसिकावाहिन्यांची जन्मजात विकृती. कॅन्सर नव्हे, क्षय नव्हे, हत्तीरोग नव्हे.

ही लसिका म्हणजे काय, हे त्या डॉक्टरांनी शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सांगितले. हृदय रक्त शरीरभर पाठवते. त्यातले काही पाणी बारीक वाहिन्यांतून झिरपून मांसात उतरते, जसे पाटाचे पाणी वाफ्यात मुरते. बरेचसे परत शिरांत जाते. उरलेले गोळा करायला शरीरात वेगळे चर खणलेले असतात. त्या लसिकावाहिन्या. त्यांचे पाणी शेवटी मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांना मिळते. इटलीच्या अझेल्ली नावाच्या वैद्याला १६२२ साली कुत्र्याच्या पोटात या कुळातले पांढरे धागे प्रथम दिसले. मूल आईच्या पोटात असताना मान आणि काखेत या वाहिन्यांच्या पिशव्या तयार होतात. त्यातला एखादा भाग मुख्य चराला जोडलाच गेला नाही, तर तिथले पाणी कोंडते. बांधाला तोंड नसलेल्या वावरात डबके साचावे तसे. म्हणून या गाठी बहुतेक डोके, मान आणि काख याच ठिकाणी येतात. काही हजार जन्मांमागे एखाद्या मुलाच्या वाट्याला हे येते. निम्म्याच्या आसपास मुलांत जन्मतःच दिसते, बहुतेकांत दोन वर्षांच्या आत. सर्दीतापाने किंवा आत रक्त उतरल्याने गाठ एका रात्रीत फुगते, आणि घरच्यांना वाटते, हे कालच उपटले.

बहीण इतका वेळ पदर तोंडाशी धरून ऐकत होती. तिने एकच विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्या हातून काही झालं का?" डॉक्टर म्हणाले, "नाही, ताई. ग्रहणाने नाही, खाण्यापिण्याने नाही, तुमच्याकडून नाही आणि यांच्याकडूनही नाही." आणि भाऊजींकडे पाहून त्यांनी पुढचे सांगितले. गर्भ वाढत असताना त्याच्या काही थोड्या पेशींत एका जनुकात बदल होतो. त्या जनुकाला पीआयकेथ्रीसीए म्हणतात, आणि अशा बहुसंख्य गाठींत तो बदल सापडतो हे त्याच वर्षी, २०१५ साली, प्रसिद्ध झाले होते. हा बदल आईबापांकडून आलेला नसतो आणि पुढच्या मुलाला व्हावा असेही त्यात काही नसते. त्या दिवशी परत येताना बहिणीने कारंज्याच्या स्टँडवर दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर खाल्ले. औषधाचा थेंबही अजून गेला नव्हता. पण एका रोग्याला गुण आला होता.

नावाचा घोटाळा मात्र आमच्यापुरता नव्हता, मोठ्यांचाही होता. १८४३ साली वेर्नर नावाच्या जर्मन वैद्याने मानेच्या अशा गाठींना "हायग्रोमा" म्हटले, म्हणजे पाण्याची गाठ. पुढे "लिम्फॅन्जिओमा" आले. या "ओमा" शेपटीने गाठ जणू काही आपण होऊन वाढत जाणारे अर्बुद आहे, असा समज पसरला. १९८२ साली बोस्टनच्या मलिकेन आणि ग्लोवाकी या दोघांनी दोन कुळे स्वच्छ वेगळी केली: पेशी भराभर वाढून होणारी अर्बुदे एकीकडे, आणि घडणच चुकलेल्या वाहिन्या दुसरीकडे. दिसायला हा शब्दांचा खेळ. पण उपचाराची सगळी दिशाच त्याने बदलते. अर्बुद शत्रू मानून मुळासकट उपटायचे असते. घडण चुकलेल्या वाहिनीशी तडजोड करता येते.

तडजोड हा शब्द भाऊजींना मुळीच पटला नाही. त्यांना कापून मोकळे व्हायचे होते. डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या वावरात हरळी आहे का?" भाऊजी म्हणाले, "कोणाच्या नाही?" "मग सांगा, उभ्या पिकात शिरलेली हरळी मुळापर्यंत खणली तर पीक राहील का?" जबड्याखालून एक बारीक मज्जातंतू जातो, तो खालच्या ओठाचा कोपरा हलवतो. तो दुखावला तर मुलीचे हसू जन्मभर वाकडे. शिवाय थोडासा भाग मागे राहिला तर गाठ पुन्हा भरते. ज्या मुलाचा श्वास कोंडतो, किंवा जिची गाठ सुटसुटीत हाती येण्याजोगी आहे, तिथे शस्त्रक्रियाच योग्य. डॉक्टरांनी ती अनेकदा केली होती. पण इथे आधी दुसरा मार्ग होता.

तो मार्ग कप्प्यांच्या आकारावर ठरतो. मोसंबीच्या फोडींसारखे मोठे कप्पे असले तर सुई आत नेता येते. अंजिराच्या बियांसारखे बारीक असले तर सुईला जागाच नसते. आमच्या मुलीचे जबड्याखालचे कप्पे मोठे, जिभेच्या बुडाचे बारीक. मोठ्या कप्प्यांतले पाणी काढून त्यात औषध सोडायचे, म्हणजे आतल्या भिंतींना सूज येऊन त्या एकमेकींना चिकटतात आणि पाणी साचायला जागा राहत नाही. नुसते पाणी काढून ते पुन्हा का भरले, हे आम्हाला तेव्हा उमगले. विहीर उपसली म्हणून झरा बुजत नाही.

या विद्येत जपानी लोक पुढे. उमेझावा यांनी १९६० च्या दशकात तिथे ब्लिओमायसिन शोधले; मूळचे ते कॅन्सरचे औषध, १९७७ पासून या गाठींत वापरले जाऊ लागले. १९८७ साली क्योतोच्या ओगितांनी निर्बळ केलेल्या जंतूंपासून बनवलेले ओके-४३२ नावाचे औषध वापरून दाखवले. आपल्याकडे ब्लिओमायसिन स्वस्त आणि सहज मिळणारे, म्हणून तेच पुष्कळ ठिकाणी वापरतात. मात्र ते फुप्फुसांना अपाय करू शकते. म्हणून मुलाच्या वजनावरून हिशेब करून, एकूण मात्रा वहीत मांडून, सावकाश द्यायचे. पुन्हा कॅन्सरचे औषध म्हटल्यावर भाऊजींचा चेहरा उतरलाच, पण डॉक्टर म्हणाले, "विळीने भाजीही चिरतात आणि बोटही कापते. विळी एकच." ग्रहणातली विळी अशी निराळ्या रूपात परत आलेली पाहून बहीण प्रथमच हसली.

दीड-दीड महिन्याच्या अंतराने तीनदा मुलीला भूल देऊन, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, औषध सोडले. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस ताप आणि सूज. सूज येणार हे डॉक्टरांनी आधीच बजावले होते, नाहीतर गावाने आम्हाला वेड लावले असते. "वाढली जी गाठ, तुमची नागपूरची विद्या उलटली!" असे ऐकवणारे भेटलेच. खरा कस लागला तो या दिवसांत. काहीतरी करत राहण्याला आपण उपचार म्हणतो. केलेल्याचा गुण येईपर्यंत हात आवरून बसणे हाही उपचाराचाच भाग आहे, हे पचायला फार जड जाते. सहा महिन्यांनी जबड्याखालचा फुगवटा बराचसा ओसरला. मुलगी रात्री घोरेनाशी झाली. ओठाचा कोपरा शाबूत राहिला, आणि त्याचा ती पुरेपूर उपयोग करते, कारण हसते फार.

पण गोष्ट पुरी झाली असे मी म्हणणार नाही. जिभेच्या बुडाशी बारीक कप्पे आहेत ते आहेतच. सर्दी झाली की डावी बाजू थोडी भरते, आठवड्याने उतरते. दात स्वच्छ ठेवणे, ताप अंगावर न काढणे, फुगवटा एकाएकी वाढला किंवा श्वासाला अडथळा वाटला तर तडक निघणे, हे आमचे घरचे नियम. पुढे गरज पडलीच तर तोंडाने घेण्याचे एक औषध आहे, सिरोलिमस. त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. १९६४ साली कॅनडाहून गेलेल्या एका मोहिमेने प्रशांत महासागरातल्या रापा नुई बेटावरची माती आणली. त्या मातीतल्या जंतूपासून काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकलेल्या सुरेंद्रनाथ सेहगल यांनी माँट्रियलच्या प्रयोगशाळेत १९७२ साली हे द्रव्य वेगळे केले. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा गृहस्थाने ते घरच्या बर्फाच्या कपाटात जपून ठेवले. १९९९ साली ते मूत्रपिंडरोपणासाठी मान्य झाले. आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत, वाहिन्यांच्या गुंतागुंतीच्या विकृती असलेल्या ५७ रुग्णांपैकी ४७ जणांना सहा महिन्यांत त्याने काही अंशी गुण आला. पूर्ण बरा झालेला मात्र एकही नव्हता. ते घेताना रक्त वरचेवर तपासावे लागते आणि जंतुसंसर्गाला जपावे लागते. म्हणून आमच्या डॉक्टरांनी ते अजून सुरू केलेले नाही. औषध आहे म्हणून दिलेच पाहिजे, या मताचे ते नाहीत.

आता भाची पाचवीत आहे. नातेवाइकांत कोणी हळूच विचारतो, "लग्नाच्या वेळी कसं हो?" मी सांगतो, अजून तिचे अपूर्णांक व्हायचे आहेत. मोठी झाल्यावर उरलेला फुगवटा काढायचा की ठेवायचा, हे तीच ठरवील; हनुवटी तिची आहे. शाळेत कोणी विचारले तर ती सांगते, "माझ्या पाण्याला रस्ता सापडला नाही, म्हणून ते इथे थांबलंय." एवढे सुटसुटीत उत्तर आम्हा मोठ्यांना दोन महिन्यांत सापडले नव्हते.

आमची हकीकत पंचक्रोशीत झाली, तेव्हा लोक आता गाठ दिसली की माझ्या ओट्यावर येतात. मी डॉक्टर नाही. मी फक्त वाट सांगतो. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासायला येतात, त्यांना दाखवा. बिब्बा नको, चटका नको, कोणाकडून उगीच सुई टोचून घेणे नको. मुलांच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठा. गेल्या वर्षी शेजारच्या गावचा एक बाप सात वर्षांच्या मुलाला घेऊन आला. त्याच्याही मानेवर गाठ. बाप फार उल्हासात होता. त्याने माझ्या भाचीचे सगळे ऐकले होते. "गुरुजी, पाण्याचीच असन ना? तीन इंजेक्शनात जाईन ना?" मी म्हटले, "मला विचारू नकोस, बापू. आधी दाखव." त्याने दाखवले. ती पाण्याची नव्हती. तुकडा तपासला तेव्हा खरोखरीच क्षयाची गंडमाळ निघाली. सहा महिने सरकारी गोळ्या खाऊन ते पोरगे आज विटीदांडू खेळते आहे.